माणसाचा योगक्षेम आणि जगाची शांतिसेना

पॅरिस नगरींत १६ सप्टेंबर १९४८ रोजीं संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेपुढें एक तक्रार विचारास निघाली. तक्रार हैदराबादच्या निजाम सरकारची होती व ती हिंदुस्थान सरकारविरुद्ध होती. २१ ऑगस्ट रोजीं ती तारेनें धाडण्यांत आली होती. पण परिषदेपुढें ती येऊन पोहोंचेपर्यंत हिंदी सैन्याला संस्थानच्या हद्दींत शिरून तीन दिवस लोटले होते, आणि बैठक उठल्यावर दुसऱ्याच दिवशीं निजामानें शरणागति पत्करली. परिषदेंत त्या दिवशीं पहिला वाद झाला तो विषय पत्रिकेवर घ्यावा कीं घेऊं नये, एवढ्याचाच. आठ राष्ट्रांनीं घ्यावा असें मत दिलें. तीन राष्ट्रें तटस्थ राहिलीं. पुढील वाद हैदराबाद हें ‘राज्य’ आहे कीं नाहीं याचा. संघाचा सभासद नसलेल्या राज्यासहि परिषदेकडे गाऱ्हाणें नेण्याची मुभा सनदेंत ठेवलेली आहे. पण तें राज्य असलें पाहिजे. हिंदुस्थानच्या वतीनें सर रामस्वामी मुदलियार यांनीं असें मांडलें कीं, आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दृष्टीनें हैदराबाद हें स्वतंत्र राज्य कधींच नव्हतें. हैदराबादच्या शिष्टमंडळाचे प्रमुख मोईन नवाज जंग यांनीं अर्थातच उलट बाजू मांडली. २२ सप्टेंबरला खुद्द निजामानेंच तक्रार मागें घेतल्याची तार केली आणि व्यवहारांत प्रश्न मिटला. परिषदेच्या दप्तरांत मात्र तो पुढें दीर्घकाळ पडून राहिला.

त्याच दिवसांत संस्थानच्या बीदर जिल्ह्यांत अहमदपूर हा एक तालुका होता आणि त्या तालुक्यांत चाकूर हें एक गांव होतें. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत अहमदपूर, उदगीर व निलंगा हे तालुके बीदरमधून निघून उस्मानाबाद जिल्ह्यांत आले. १९८२ सालीं उस्मानाबादेंतून लातूर जिल्हा वेगळा झाला. आणि आज चाकूर हें त्या जिल्ह्यांतील एका तालुक्याचें मुख्य ठिकाण आहे. राज्यें बदललीं, जिल्हे बदलले, शेतें मात्र तींच राहिलीं. पॅरिसला जमलेल्या अकरा राष्ट्रांच्या प्रतिनिधींना अशा गांवाची वार्ता असण्याचें कारण नव्हतें. त्यांच्यापुढचा प्रश्न सीमेचा, सार्वभौमत्वाचा आणि करारांचा होता. ‘सुरक्षा’ हा शब्द परिषदेच्या नांवांतच आहे. पण ती सुरक्षा राज्याची. चाकूरसारख्या गांवांतील मनुष्य रात्रीं दार लावून निर्धास्त झोंपतो कीं नाहीं, हें विचारण्यास त्या सभागृहांत जागाच नव्हती. ती जागा होण्यास पुढें पन्नास वर्षांवर काळ लोटावा लागला.

तो मनुष्य त्या सालीं निर्धास्त झोंपत नव्हता, हें तर मराठवाड्यांत सर्वश्रुत आहे. २९ नोव्हेंबर १९४७ रोजीं हिंदुस्थान सरकार व निजाम यांच्यांत जैसे-थे करार झाला. कराराच्या कागदावर शांतता नांदत होती. गांवांत सत्ता चालत होती ती रझाकारांची, आणि त्यांचा पुढारी कासीम रझवी हा लातूरचाच वकील. बीदर जिल्ह्यांतील गोर्टा गांवीं मे १९४८ मध्यें रझाकारांनीं केलेल्या कत्तलीची आठवण त्या भागांत अजून पुसलेली नाहीं. हजारों कुटुंबें बैलगाड्यांत भांडींकुंडीं घालून सरहद्द ओलांडून सोलापूर, बार्शीकडे मुंबई प्रांतांत निघून गेलीं. सरहद्दीवर स्टेट काँग्रेसच्या छावण्या होत्या आणि तेथून सशस्त्र प्रतिकारहि चालला होता. या सर्व गडबडींत दोन सरकारांमधील पत्रव्यवहार अत्यंत सभ्य इंग्रजींत अखंड चालूच होता.

पोलीस कारवाई १३ सप्टेंबरला सुरू झाली व १७ ला संपली. इतिहासाचीं पुष्कळ पुस्तकें येथेंच थांबतात. त्यांनीं थांबूं नये. कारण भीति संपली नव्हती. तिनें घर बदललें होतें. नेहरू सरकारनें पाठविलेल्या सदिच्छा मंडळांत पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिसरी हे होते. नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्यांनीं संस्थानच्या १६ पैकीं ९ जिल्ह्यांत प्रवास केला. कारवाईच्या वेळीं व त्यानंतर मारल्या गेलेल्यांची संख्या त्यांनीं २७ ते ४० हजार अंदाजिली. सर्वांत अधिक हानि झालेले जिल्हे त्यांच्या मतें चार: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड. चाकूर ज्या टापूंत वसलें आहे तोच हा टापू. लातुराविषयीं त्या अहवालांत असें लिहिलें आहे कीं, तेथें कत्तल वीस दिवसांवर चालली आणि सुमारें दहा हजार मुसलमान वस्तींपैकीं मंडळास जेमतेम तीन हजार गांवांत आढळले. बाकीचे कांहीं मारले गेले होते, बहुतेक नेसत्या वस्त्रानिशीं पळाले होते. त्याच अहवालांत हिंदु विणकरांनीं आपल्या मुसलमान विणकर बंधूंचें हिंदूंच्याच जमावापासून, प्रसंगीं स्वतःचे प्राण देऊन, रक्षण केल्याचीहि नोंद आहे. सरकारनें हा अहवाल त्या वेळीं प्रसिद्ध केला नाहीं. अभ्यासकांस तो खुला झाला तो २०१३ च्या सुमारास.

कायद्याच्या दृष्टीनें मुदलियारांची बाजू भक्कम होती, यांत शंका नाहीं. चहूंबाजूंनीं हिंदुस्थाननें वेढलेलें, सुमारें १ कोटी ६३ लक्ष लोकवस्तीचें तें संस्थान स्वतंत्र राष्ट्र म्हणून नांदणें शक्य नव्हतें व तेथील बहुसंख्य प्रजेला तें नकोहि होतें. परंतु कायदा ज्या प्रश्नाचें उत्तर देतो तो प्रश्नच अपुरा असला, तर उत्तर बरोबर असूनहि माणूस उघड्यावर राहतो. मे महिन्यांत गोर्ट्याचा हिंदु उघड्यावर होता. ऑक्टोबरमध्यें लातूरचा मुसलमान. दोघांचेंहि गाऱ्हाणें पॅरिसच्या पत्रिकेवर बसण्यासारखें नव्हतें, कारण दोघांपैकीं कोणीहि ‘राज्य’ नव्हता.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिरक्षणाचा आरंभ त्याच वर्षींचा. मे १९४८ मध्यें पॅलेस्टाइनांत निरीक्षकांची पहिली तुकडी नेमण्यांत आली; जानेवारी १९४९ पासून काश्मिरांत दुसरी. हीं दोन्ही पथकें आजतागायत चालू आहेत. संघाच्या सनदेंत शांतिसेना हा शब्द कोठेंच नाहीं. ती गरजेंतून निघालेली युक्ति आहे, आणि आरंभींची ती युक्ति अगदीं साधी होती. दोन सैन्यें लढतां लढतां थांबलीं. नकाशावर एक रेघ ओढली. त्या रेघेवर तिऱ्हाइतांनीं दुर्बीण घेऊन उभें राहावयाचें आणि कोणी रेघ ओलांडली तर वर कळवावयाचें. रेघेच्या अलीकडे व पलीकडे राहणाऱ्या माणसांशीं त्यांचा संबंध येत नसे. दोन शेतांच्या बांधावर पंच उभा करावा, पण शेतांत कोण राबतो, कोण उपाशी आहे, तें त्यानें विचारूं नये, अशांतली ही व्यवस्था. तींत शहाणपण नव्हतें असें नाहीं. तिऱ्हाइतानें घरांत डोकावयाचें नाहीं म्हणूनच त्याला दोन्ही बाजूंनीं बांधावर उभें राहूं दिलें.

या व्यवस्थेंत माणूस प्रथम शिरला तो एका विलक्षण दारानें, आणि त्या दारावर राखणीस उभा होता एक मराठी सेनापति.

कोरियांतील युद्ध १९५१ पासून प्रत्यक्षांत अडून बसलें होतें आणि तहाच्या वाटाघाटी ज्या एका कलमावर सर्वांत अधिक काळ खोळंबल्या तें कलम युद्धकैद्यांचें होतें. १९४९ च्या जिनीव्हा करारान्वयें लढाई संपतांच कैद्यांना विनाविलंब मायदेशीं धाडलें पाहिजे. करार करणाऱ्यांनीं गृहीत धरलें होतें कीं, कैद्याला घरीं जावयाचेंच असतें. पण संयुक्त राष्ट्रसंघाच्या सेनेनें पकडलेल्या चिनी व उत्तर कोरियन कैद्यांतील हजारों लोक आम्हांला परत जावयाचें नाहीं असें म्हणूं लागले. आतां कैदी कोणाचा? ज्या राज्याचा तो शिपाई, त्याचा, कीं स्वतःचा? हिंदुस्थानच्या पुढाकारानें ३ डिसेंबर १९५२ रोजीं राष्ट्रसंघाच्या आमसभेनें ठराव केला कीं, कैद्यांना परत धाडण्यासाठीं किंवा परत जाऊं न देण्यासाठीं बळाचा उपयोग होऊं नये. जुलै १९५३ मध्यें युद्धतहकुबी झाली, आणि परत न जाऊं म्हणणाऱ्या कैद्यांसाठीं पांच तटस्थ राष्ट्रांचें मंडळ नेमलें गेलें. अध्यक्ष हिंदुस्थानचे जनरल थिमय्या. कैद्यांची प्रत्यक्ष राखण करण्याची जबाबदारी एकट्या हिंदी सैन्यावर, आणि त्या सुमारें सहा हजारांच्या राखणदार सेनेचे सेनापति मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात.

थोरात हे कोल्हापूरकडचे. सँडहर्स्टला शिकलेले, आणि १९४५ सालीं ब्रह्मदेशांत आराकानच्या किनाऱ्यावरील कांगॉच्या घनघोर लढाईंत गाजलेले. कोरियांत त्यांच्या वांट्याला आलेलें काम मात्र कोणत्याहि सैनिकी शाळेंत शिकवीत नाहींत. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनीं आपल्या भूमीवर हिंदी शिपायाचें पाऊल पडूं देणार नाहीं असें जाहीर केलें. तेव्हां बंदरांतील जहाजांवरून सहा हजार माणसें हेलिकॉप्टरांनीं उचलून मधल्या निर्लष्करी पट्ट्यांत उतरवावीं लागलीं. तेथें जी छावणी उभी राहिली तिचें नांव हिंदनगर. तिच्याकडे एका बाजूनें २२,६०४ कैदी सोंपविण्यांत आले, त्यांत १४,७०४ चिनी व ७,९०० कोरियन. दुसऱ्या बाजूनें ३५९, ज्यांत २३ अमेरिकन होते. कांटेरी तारांच्या कोंडवाड्यांतून पांचपांचशेंच्या गटांनीं हे लोक ठेवले होते. त्यांच्या मायदेशाच्या प्रतिनिधींनीं ९० दिवसांच्या मुदतींत त्यांना भेटून समजूत घालावी आणि मग प्रत्येकानें आपला निर्णय सांगावा, अशी योजना होती. समजुतीच्या तंबूला दोन दारें ठेवलीं होतीं: एका दारानें बाहेर पडला तो मायदेशीं जावयाचा, दुसऱ्यानें पडला तो कोंडवाड्यांत परतावयाचा.

योजना न्यायाची होती. पण थोरात यांना लौकरच दिसून आलें कीं, दिवसां तंबूंत दोन दारें असलीं तरी रात्रीं कोंडवाड्यांत एकच असतें. प्रत्येक कोंडवाड्यांत कैद्यांचेच म्होरके होते. त्यांच्या टोळ्या होत्या, काठ्या होत्या, बाहेर निरोप धाडण्याच्या वाटा होत्या. कोणी मायदेशीं जाण्याची इच्छा बोलून दाखविली तर त्याला मारहाण होई. कांहींचे खूनहि झाले. रात्रीं तारांवरून उडी टाकून हिंदी पाहरेकऱ्याकडे धांव घेणारे कैदी निघूं लागले. ‘स्वतःची इच्छा’ हा शब्द ठरावांत लिहिणें सोपें होतें. ती इच्छा मनांत धरून सकाळपर्यंत जिवंत राहण्याची हमी देणें, हें काम होतें. पांच राष्ट्रांच्या मंडळांतील हिंदुस्थान, पोलंड व चेकोस्लोव्हाकिया यांनीं पुढें आपल्या अहवालांत नमूद केलें कीं, या टोळ्यांच्या दडपणामुळें कैद्याला खरी निवड करतांच आली नाहीं. मराठवाड्यांतील १९४८ ची कहाणी ज्यांना ठाऊक आहे त्यांना हें चित्र ओळखीचें वाटेल: वर करार, खालीं काठी.

सप्टेंबरच्या अखेरीस चिनी कैद्यांनीं मेजर ग्रेवाल या हिंदी अधिकाऱ्याला कोंडवाड्यांत ओढून नेलें व अडकवून ठेवलें. बाहेर हिंदी शिपाई मशीनगना रोखून उभे राहिले. गोळीबाराचा हुकूम देणें थोरातांच्या हातीं होतें, आणि तो दिला असता तर शेंकडों निःशस्त्र माणसें मरतीं. कदाचित् आसपासच्या कोंडवाड्यांतील हजारों कैदी तारा तोडून निघते आणि नुकतीच झालेली तहकुबीहि मोडती. थोरात थोड्या अधिकाऱ्यांसह, हातांत शस्त्र न घेतां, स्वतः त्या खवळलेल्या जमावांत गेले. त्यांच्याशीं बोलले, हंसले, पाहुण्याचें आदरातिथ्य कसें करावें हें तुम्हांला कळत नाहीं काय म्हणून त्यांनाच रागें भरले. जमावाचा रंग बदलला. कांहीं वेळानें ग्रेवाल सुटून बाहेर आले. असाच प्रकार प्रत्येक वेळीं जमला असें मात्र नाहीं. ऑक्टोबरच्या आरंभीं तारा तोडूं पाहणाऱ्या कैद्यांवर हिंदी पाहऱ्यास गोळी झाडावी लागली व कांहीं कैदी प्राणास मुकले. थोरातांस पुढें अशोकचक्राचा दुसरा वर्ग देऊन गौरविण्यांत आलें. ज्या शौर्यासाठीं तें पदक मिळालें त्या शौर्यांत शत्रु कोणीच नव्हता, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे.

हिशेब सांगावयाचा तर समजावणी ९० दिवसांपैकीं फारच थोडे दिवस चालूं शकली, आणि २२,६०४ पैकीं सुमारें सहाशेंच मायदेशीं गेले. २१ अमेरिकन शिपायांनीं अमेरिकेस जाण्याचें नाकारलें. नव्वदाच्या आंतबाहेर असे कांहीं कैदी, ज्यांना दोन्ही बाजू नको होत्या, ते हिंदी सैन्याबरोबर १९५४ च्या आरंभीं हिंदुस्थानांत आले. राखणदार सेना ही राष्ट्रसंघाच्या निळ्या टोपीची नव्हती, तहकुबीच्या करारांतून ती जन्मली होती. म्हणून शांतिसेनांच्या इतिहासांत तिचा उल्लेख पुष्कळदां ओझरता येतो. तो ओझरता नसावा. राज्याच्या हक्काहून एकट्या माणसाची निर्भयता मोठी मानून, तिच्या राखणीसाठीं परदेशांत सैन्य उभें राहिलें, तें तेथें.

पुढील तीस-पस्तीस वर्षांत हें बीज रुजलें असें म्हणतां येत नाहीं. १९५६ ते १९६७ गाझा पट्टींत निळ्या टोपीची सेना पुन्हां रेघेवरच उभी होती, आणि इजिप्तनें निघा म्हणतांच ती निघाली. १९६० नंतर काँगोंत ती अंतर्गत यादवींत ओढली गेली, भारतीय तुकड्यांनीं तेथें मोठा पराक्रमहि केला. पण त्यानंतर महाशक्तींच्या चढाओढींत अशा मोहिमांची कोणालाच हौस उरली नाहीं. मग १९९४ साल उजाडलें. रवांडा देशांत सुमारें शंभर दिवसांत आठ लक्षांच्या आसपास माणसें कापलीं गेलीं, आणि कत्तल ऐन भरांत असतां सुरक्षा परिषदेनें तेथील सुमारें अडीच हजारांची शांतिसेना २७० वर आणण्याचा ठराव केला. पुढच्याच वर्षीं जुलै महिन्यांत बोस्नियांतील स्रेब्रेनिका येथें, जें गांव परिषदेनें स्वतः ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केलें होतें, तेथें निळ्या टोप्यांच्या डोळ्यांदेखत आठ हजारांवर मुसलमान पुरुष व मुलगे नेऊन ठार करण्यांत आले. दोन्ही ठिकाणीं सेना हजर होती. दोन्ही ठिकाणीं तिला नेमून दिलेल्या कामांत या माणसांचा जीव वांचविणें हें काम पुरेशा स्पष्टपणें लिहिलेलें नव्हतें, किंवा लिहिलें होतें तेथें त्याला लागणारें बळ दिलेलें नव्हतें.

रवांडा जळत होता त्याच १९९४ सालीं संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास विभागानें प्रसिद्ध केलेल्या अहवालांत ‘मानवी सुरक्षा’ ही कल्पना मांडण्यांत आली. तिचे मुख्य पुरस्कर्ते पाकिस्तानचे अर्थशास्त्रज्ञ महबूब-उल-हक. सुरक्षा म्हणजे सीमेची व शस्त्रांची सुरक्षा, ही व्याख्या अपुरी आहे, असें त्यांचें म्हणणें. माणसाला रोजगाराची, अन्नाची, आरोग्याची, भोंवतालच्या सृष्टीची, स्वतःच्या देहाची, आपल्या समाजाची आणि राजकीय हक्कांची, अशी सात प्रकारची शाश्वति लागते. आपल्याकडे गीतेमुळें घरोघर परिचित असलेला ‘योगक्षेम’ हा शब्द या कल्पनेला इतका चपखल बसतो कीं, ‘मानवी सुरक्षा’ हें जड भाषांतर करण्याची गरज का पडावी याचें नवल वाटतें. नाहीं तें मिळणें हा योग, आहे तें टिकणें हा क्षेम. गांव सोडून बैलगाडींत बसलेल्या कुटुंबाचे हे दोन्ही एकदमच तुटतात.

ही कल्पना शांतिसेनेच्या हुकुमनाम्यांत उतरण्यास आणखी पांच वर्षें लागलीं. लढायांतील नागरिकांचें रक्षण हा विषय घेऊन सुरक्षा परिषदेनें आपला पहिला ठराव केला तो १७ सप्टेंबर १९९९ रोजीं. मराठवाड्यांत हा मुक्तिदिन. ठराव करणाऱ्यांना त्याची गंधवार्ता असणें शक्य नव्हतें, पण तारखेचा योग मोठा विचित्र आहे. लगेच ऑक्टोबरमध्यें आफ्रिकेंतील सिएरा लिओनला जी सेना धाडली तिच्या हुकुमांत प्रथमच लिहिलें गेलें कीं, जिवावर बेतलेल्या नागरिकांचें तिनें रक्षण करावें. मात्र तें आपल्या सामर्थ्यानुसार, आपण तैनात असूं त्या टापूंत, आणि त्या देशाच्या सरकारची जबाबदारी लक्षांत घेऊन. वाक्य मोठें आहे आणि त्यांतील पळवाटाहि मोठ्या आहेत. तरी पॅरिसला १९४८ त जो प्रश्न विचारण्यास जागा नव्हती ती जागा त्या वाक्यानें झाली. २०१२ सालीं आमसभेनें मानवी सुरक्षेची व्याख्या ठरविली. तिच्या नांवाखालीं कोणी कोणाच्या देशांत सैन्य घुसवूं नये, हेंहि त्याच ठरावांत घातलें. लहान राष्ट्रांना जी धास्ती होती ती अनाठायीं नव्हती.

कल्पनेचें व्यवहारांत काय झालें, हें पाहण्यास लायबेरिया हा देश बरा. तेथें १९८९ पासून २००३ पर्यंत यादवी माजली होती आणि तींत स्त्रियांवर बलात्कार हें जवळजवळ युद्धाचें शस्त्रच बनलें होतें. युद्ध थांबलें, निळ्या टोप्या आल्या; पण ज्या बाईवर बंदूकवाल्या पुरुषानें अत्याचार केला ती बाई गाऱ्हाणें घेऊन दुसऱ्या बंदूकवाल्या पुरुषाकडे जाईल कशी? ३० जानेवारी २००७ रोजीं मन्रोव्हियाच्या विमानतळावर भारताच्या केंद्रीय राखीव पोलीस दलाची स्त्रियांची तुकडी उतरली. राष्ट्रसंघाच्या शांतिमोहिमेंत अशी संपूर्ण स्त्रियांची पोलीस तुकडी ही पहिलीच. संख्या सव्वाशेंच्या आसपास. अध्यक्षांच्या कार्यालयाची राखण, जमाव आवरणें, रात्रींची गस्त, हीं कामें त्यांनीं केलीं. त्याबरोबर तेथील मुलींना स्वसंरक्षण व संगणकहि शिकविला. रात्रीं चौकांत बंदूक घेऊन उभी असलेली बाई पाहून लायबेरियाच्या मुली पोलिसांत नोकरीसाठीं अर्ज करूं लागल्या. एकामागून एक तुकड्या बदलत हें काम फेब्रुवारी २०१६ पर्यंत चाललें.

हें पोलीस दल ज्या केंद्रीय गृहखात्याच्या हाताखालीं आहे त्या खात्याचे मंत्री त्या वेळीं शिवराज पाटील चाकूरकर हे होते. १२ ऑक्टोबर १९३५ चा त्यांचा जन्म चाकूरचाच. म्हणजे सप्टेंबर १९४८ मध्यें त्यांना तेरावें पुरें व्हावयाचें होतें. तुकडीचें श्रेय एका मंत्र्याच्या पदरांत घालण्याचें कारण नाहीं. तें त्या स्त्रियांचें आहे. परंतु ज्या गांवानें दोन्ही प्रकारची भीति पाहिली त्या गांवचा मुलगा त्या आसनावर असतां ही तुकडी गेली, एवढी नोंद चाकूरनें ठेवण्यास हरकत नसावी. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर नागरिकांच्या सुरक्षिततेच्याच प्रश्नावर त्यांना तें आसन सोडावें लागलें.

आज लातुरास केंद्रीय राखीव पोलीस दलाचें आणि चाकुरास सीमा सुरक्षा दलाचें प्रशिक्षण केंद्र आहे. सीमा सुरक्षा दल हें नांवाप्रमाणें रेघेवर उभें राहणारें दल. पण याच दलाच्या पोलीस तुकड्या पूर्व काँगोंतील राष्ट्रसंघाच्या मोहिमेंत जात आल्या आहेत, आणि तेथें रेघ अशी नाहींच. डझनावारी सशस्त्र टोळ्या, सोन्याच्या व कथिलाच्या खाणी, डोंगर, आणि सतत पळत असलेलीं गांवें.

तेथें शब्द आणि काम यांत किती अंतर असतें हें नोव्हेंबर २००८ मध्यें किवांजा गांवीं दिसलें. बंडखोरांनीं दोन दिवसांत दीडशेंच्या आसपास माणसें मारलीं. मैलाच्या आंत शांतिसेनेचें ठाणें होतें आणि त्यांत भारतीय शिपाई होते. हुकुमनाम्यांत नागरिकांचें रक्षण हें काम आतां स्पष्ट लिहिलेलें होतें. अडचण पुष्कळ गोष्टींची होती, पण त्यांतली एक अगदीं घरगुती होती: ठाण्यांत गांवकऱ्यांची भाषा समजणारा दुभाषा नव्हता. लोक जें सांगत होते तें शिपायांना कळत नव्हतें. त्यानंतर मोहिमेनें स्थानिक तरुणांना ठाण्याठाण्यावर दुभाषे म्हणून नेमण्यास आरंभ केला. गांवांत कोणाला कोणाची भीति वाटते, कोणत्या वाटेनें बायका बाजारास जातात, सरपणाला रानांत जातांना कोठें अडविलें जातें, हें ते ऐकून येऊन सांगूं लागले, आणि त्यावरून गस्तीच्या वाटा व वेळा ठरूं लागल्या. कांहीं गांवांना संकटांत बोलाविण्यासाठीं दूरध्वनि दिले गेले. गेल्या पाऊणशें वर्षांत शांतिसेनेंत झालेला खरा पालट कोणता, असें कोणी विचारलें तर ठरावांच्या क्रमांकांपेक्षां या दुभाष्यांकडे बोट दाखवावें. १९४८ च्या पंचानें शेतांत राबणाऱ्याला विचारावयाचें नव्हतें. हा विचारूं लागला.

विचारूं लागल्यावर उत्तर काय येईल याची मात्र हमी नसते. टोळ्यांचे हल्ले थांबेनात, आणि वीस वर्षें येथें बसून तुम्ही आमचें काय राखलेंत, असें काँगोंतील लोकच शांतिसेनेला विचारूं लागले. जुलै २०२२ मध्यें हा संताप पेटला. २६ जुलै रोजीं बुटेंबो शहरांत जमावानें राष्ट्रसंघाच्या तळावर हल्ला केला आणि सीमा सुरक्षा दलाचे दोन हेड कॉन्स्टेबल तेथें मृत्यु पावले. त्यांच्याबरोबर मोरोक्कोचा एक शिपाईहि गेला. जमावांतीलहि माणसें मेलीं. ज्यांच्या योगक्षेमासाठीं सेना धाडली त्यांनींच तिला जा म्हणावें, यापुढें राष्ट्रसंघाजवळ उत्तर नव्हतें. काँगो सरकारनेंहि मोहीम आवरावी अशी मागणी केली आणि जून २०२४ पर्यंत दक्षिण किवू प्रांतांतून निळ्या टोप्या निघाल्या. जानेवारी २०२५ मध्यें उत्तर किवूची राजधानी गोमा शहर बंडखोरांच्या हातीं पडलें. शहराभोंवतीं ताडपत्रीच्या झोपड्यांतून लाखों निर्वासित राहत होते. त्यांना थोड्याच दिवसांत छावण्या रिकाम्या करण्यास सांगण्यांत आलें, आणि तीं कुटुंबें डोक्यावर गाठोडीं घेऊन, जीं गांवें जिवाच्या भीतीनें सोडलीं होतीं, त्यांच्याच वाटेस लागलीं.